अंबाझरीची संध्याकाळ आणि लेन्सची निवड

पावसाळा सरला की नागपूरची हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. निसर्गाचे फोटो काढायला हे दिवस उत्तम. असरची नमाज आटोपून, वुजू कायम ठेवून आम्ही घरची मंडळी अंबाझरी तलावावर जातो. बांध पूर्वेकडे असल्याने तिथे उभे राहिले की सूर्य समोर, पाण्यापलीकडे मावळतो.

पाणी आणि आकाश एकाच चौकटीत घ्यायला वाइड अँगल लेन्स हवी. त्यासाठी मोठा खर्च नको. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिलिमीटरची लेन्स 18 वर ठेवली की पुरते. मात्र ही लेन्स दूरच्या वस्तू आणखी लहान दाखवते. म्हणून पुढ्यात एखादा दगड किंवा गवताचा झुपका घ्यावा, नाहीतर चित्र रिकामे वाटते.

नागपूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गोष्ट उलट आहे. तिथली शोभा पाण्यापलीकडच्या टेकड्यांत आहे. 200 मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सने त्या जवळ येतात, एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. पण मे महिन्यात तापलेली हवा थरथरते आणि भर दुपारी महागडी टेलिफोटोही अंधूक चित्र देते. उन्हाळ्यात फजरनंतरचा पहिला तासच खरा.

लेन्स कोणतीही असो, ट्रायपॉड लावावा, आयएसओ 100 आणि अॅपर्चर एफ/8 ते एफ/11 ठेवावे. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

आमच्या मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो: सूर्य बुडताच मगरिब होते, आकाशाला खरा रंगही तेव्हाच चढतो, मग आधी काय? उत्तर सोपे आहे. लेन्स, चौकट, फोकस सारे अजानपूर्वीच ठरवून ठेवायचे. अजान झाली की तिथेच चटई अंथरून नमाज अदा करायची. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटे उजेड राहतो. सलाम फेरून उठल्यावरही केशरी रंग निळ्यात मिसळताना मिळतो.

वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडले. लेन्सचेही तेच आहे. ती फक्त प्रकाश घेते. तो देणारा अल्लाह आहे. म्हणून नवी लेन्स घेण्याआधी महिनाभर एकाच काठावर, एकाच लेन्सने, वेळ पाळून जाऊन पाहावे.