दार न ठोठावणारा पोलीस

रहस्यकथा लिहिणाऱ्याला एक सवलत आयतीच मिळते. त्याचा पोलीस कुणाच्याही घरात शिरतो, कुणालाही काहीही विचारतो. प्रवासवर्णन लिहिणारा बिचारा ओसरीवरच राहतो. त्यामुळे परका मुलूख दाखवायला गुन्हेगारी कादंबरी फार सोयीची. पण मोहही तिथेच असतो. लेखक पानंच्या पानं चालीरीती सांगत सुटतो आणि प्रेत तिकडे ताटकळत पडतं.

मी हात आखडता घ्यायला शिकलो तो टोनी हिलरमन वाचून. 1970 सालच्या ‘द ब्लेसिंग वे’पासून त्याने अमेरिकेतल्या नावाहो लोकांमधल्या गुन्ह्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. स्वतः नावाहो नसूनही. त्याचा पोलीस कुणाच्या घरी गेला की दार ठोठावत नाही. बाहेर गाडीतच बसून राहतो. घरच्यांना आवरासावर करू द्यायची. भेटायचं असेल तर ते येतील बाहेर. दोन ओळींत रीत कळते आणि आत काय चाललं असेल ही धाकधूकही वाढते.

नावाहोंचं पारंपरिक घर म्हणजे होगन. आत माणूस दगावला तर उत्तरेची भिंत फोडून प्रेत बाहेर काढतात आणि घर कायमचं सोडतात. म्हणून मरणाऱ्याला आधीच बाहेर आणायची पद्धत. ‘द घोस्टवे’मध्ये (1984) असं फोडलेलं होगन बघून जिम ची हा पोलीस चक्रावतो. घरधनी जुन्या वळणाचा, जाणता; मग त्याने राहतं घर का बाटू दिलं? रूढी इथे माहिती म्हणून येत नाही, पुरावा म्हणून येते. वाचकाला ती लक्षात ठेवावीच लागते.

आता आपल्या मुंबईकडे. इंग्रज लेखक एच. आर. एफ. कीटिंगने 1964 साली ‘द परफेक्ट मर्डर’मध्ये इन्स्पेक्टर घोटे उभा केला, तेव्हा त्याने भारत पाहिलाही नव्हता. साहेबापुढे आणि शेठजींपुढे अवघडणारा घोटे मला तरी अस्सल वाटतो. पण या घोटेच्या बायकोचं नाव बंगाली वळणाचं, प्रोतिमा! मराठी वाचक तिथे अडखळतो; इंग्रज वाचकाला पत्ताही लागत नाही. हिलरमनला नावाहोंनी जाहीर सन्मान दिला, तरी त्याच्याही पुस्तकांत अशा प्रोतिमा असतील, फक्त त्या मला ओळखता येणार नाहीत.

तेव्हा टोकियोत किंवा लंडनमध्ये खून पाडायला निघालेल्या नव्या लेखकांनो, खर्डा छापायला देण्याआधी तिथल्या एका तरी माणसाला वाचायला द्या. खुनाचं नंतर बघू. आधी नावं तपासून घ्या.