अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'साधारण' हा शब्द सोसत नाही. संध्याकाळी कॅशमध्ये एक रुपया कमी भरला तर वाईट, आणि जास्त भरला तर त्याहून वाईट. कारण तो कुठून आला याचा खुलासा दुप्पट लांब लिहावा लागतो. त्यामुळे अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीला माझी बदली झाली, तेव्हा मला थोडं जडच गेलं. इथली मिरची तेवढी नेमकी. बाकी कर्जदाराचं घर विचारावं, तर उत्तर येई, "बोडीच्या थोडं अल्याड जी." थोडं म्हणजे किती, हा प्रश्न अख्ख्या गावात मला एकट्यालाच पडत असे.

अशा गावात गेल्या दिवाळीनंतर, ऐन धान चुरण्याच्या दिवसांत, एक राईस मिल बंद पडली. मिलवर आमचं कर्ज, म्हणजे मिल बंद पडल्याचा आवाज सर्वांत आधी आमच्या शाखेत ऐकू येतो. मोटार जळाली होती. नवी आली. तिच्याखाली बसवायची लोखंडी प्लेटही ड्रॉइंग देऊन बाहेरून करून आणली. प्लेटीला चार भोकं, मोटारीच्या पायांना चार भोकं. तीन बोल्ट बसले की चौथा रुसायचा. त्याची समजूत काढावी, तर पहिला बाहेर यायचा.

वर्कशॉपवाला म्हणे, ड्रॉइंगप्रमाणे माप आहे. मोजून पाहिलं, तर खरंच होतं! प्रत्येक मापापुढे अर्धा मिलिमीटर कमी-जास्तीची सूट लिहिलेली, आणि प्रत्येक माप त्या सुटीत. सगळे बरोबर आणि मिल बंद. पोती घेऊन आलेली माणसं परत जात होती. हप्त्याची तारीख मात्र जागची हलली नव्हती.

नेमका तेव्हा माझा भाचा सुटीवर आलेला. तो पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. मिलवाल्यांनी ते ड्रॉइंग माझ्या टेबलावर पसरलं आणि भाच्यानं ते डॉक्टर एक्स-रे बघतात तसं उजेडात धरलं.

"मामा, डावी भोकं डाव्या कडेपासून मोजलीत, उजवी उजव्या कडेपासून. शिवाय प्लेटीची लांबीही अर्धा मिलिमीटर कमी-जास्त. तिन्ही चुका एकाच दिशेनं गेल्या, तर भोकांमधलं अंतर दीड मिलिमीटरनं चुकतं. मोटारीला प्लेटीच्या कडेशी काय करायचंय? तिला भोकाशी भोक जुळायला हवं. ते कुठं लिहिलंच नाही."

यावर उपाय म्हणून इंजिनियर मंडळींची एक चिन्हांची भाषा आहे. तिचं नाव भौमितिक टॉलरन्सिंग. (हे नाव एका दमात घेता येतं, तो पास.) आपल्याकडे भारतीय मानक 'आयएस 8000' आहे ते याचंच. यात आधी सांगायचं, मोजायचं कुठून. त्याला डेटम म्हणतात. पहिला डेटम प्लेटीचा तळ. तो तीन टेकूंवर ठरतो, आपल्या तीन दगडांच्या चुलीसारखा. चूल कधी डगमगत नाही; डगमगतं ते चार पायांचं टेबल, माझं, ज्याच्या एका पायाखाली 2011 सालचं परिपत्रक आहे. मग एक कड दोन टेकूंना, दुसरी एका टेकूला. प्लेट जागेवर बसली, आता मोजा.

"तुमची ही माणसं बघा," भाचा म्हणाला, "निदान 'बोडीपासून' हे आधी सांगतात. या ड्रॉइंगमध्ये बोडीच नाही."

पुढचं ऐकून माझ्यातला कॉमर्स पदवीधर जागा झाला. डावी-उजवीकडे आणि वर-खाली सारखीच सूट दिली, की भोकाच्या केंद्राला हिंडायला एक चौकोन मिळतो. चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेलं भोक पास. तेवढंच अंतर सरळ बाजूला गेलेलं भोक मात्र नापास! आता बोल्टाला कोपरा काय कळतो? म्हणून चारही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ काढायचं. जागा 57 टक्के वाढते आणि जुळणीत कणभर फरक पडत नाही. आमच्याकडे कुणी 57 टक्के म्हणाला, तर आम्ही आधी पोलिसांना फोन करू. पण हे स्कॉटलंडच्या अलेक्झांड्रियातल्या टॉर्पेडो कारखान्यातल्या स्टॅन्ली पार्कर या माणसानं दाखवून दिलं. मापात नापास झालेले सुटे भाग जोडणीत बिनतक्रार बसतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं म्हणतात. त्याची टिपणं 1940 साली छापून आली. युद्धाच्या दिवसांत चांगला माल भंगारात टाकणं कुणाला परवडणार?

"आणि वर बोनस," भाचा म्हणाला.

मिलवाले खुर्चीत पुढे सरकले. गोंदिया जिल्ह्यात हा शब्द जपून उच्चारावा. इथं बोनस म्हणजे धानाचा, सरकारी.

भाच्यानं समजावण्यापुरते आकडे घेतले. बोल्ट 10 मिलिमीटरचा. भोक 10.2 ते 10.6 चालेल. ते 10.2 चंच पडलं, तर केंद्र 0.2 च्या वर्तुळात हवं. पण 10.5 पडलं, तर वाढलेले 0.3 केंद्राच्या खात्यात जमा, वर्तुळ 0.5 चं. ड्रॉइंगमध्ये गोलात 'एम' लिहिलं, की हा हिशेब आपोआप लागू. तपासायलाही सोपं. चार खुंट्यांचा साचा करायचा. चारही आत गेल्या की पास. मात्र ही सूट जिथं नुसता बोल्ट आत जायचाय तिथं. बेअरिंग बसायचं असेल, तिथं असला सैलपणा चालायचा नाही, हेही त्यानं बजावलं.

नवं ड्रॉइंग त्यानं आमच्याच पे-इन स्लिपच्या पाठीवर काढलं. (ती स्टेशनरी कोणत्या खात्यात खर्ची टाकायची, हे मी अजून ठरवतोय.) त्याच वर्कशॉपनं, त्याच मशीनवर, त्याच पैशांत तिसऱ्या दिवशी प्लेट दिली. बोल्ट वरून सोडले, तर चारही आपल्याच वजनानं आत गेले. संध्याकाळी मिल सुरू झाली.

हप्ता तारखेला आला. पावती घेऊन झाली, तरी मिलवाले काउंटरवरून हलेनात. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, ते बोनसचं म्हणत होते तुमचे भाचे... पॉइंट तीन... ते जमा होईल कधी जी?"