ठणका

घोडा बोटावर चालतो. माणसाने हाताचे मधले बोट तेवढे जमिनीला टेकवावे, बाकीची बोटे लाखो वर्षांच्या ओघात गळून जावीत आणि उरलेल्या बोटाचे नखच वाढत वाढत पाऊल होऊन बसावे, तसा घोड्याचा खूर. एवढा थोरला देह तो चार नखांवर पेलतो. नखाच्या आत हाड, शिरा, जिवंत मांस. बाहेर निबर कवच. आपल्या मांडीला गळू झाले तर मांडी सुजते, कातडे ताणते, आतल्या पुवाला पसरायला थोडी जागा होते. खुराला सुजताच येत नाही. आत वाटाण्याएवढा पू साचला तरी त्याला हलायला वाव नसतो. तो जिवंत मांस कवचावर दाबीत राहतो. ज्याच्या नखाखाली बाभळीचा काटा मोडून पिकला असेल, त्याने त्या दुखण्यावर आपला सगळा भार टाकून उभे राहावे लागले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

आमच्या मराठवाड्याची जमीन या दुखण्याला फार सोयीची. पावसाळाभर काळी माती खुरांना धरून ठेवते. कवच भिजून मऊ पडते. मग आश्विनातले ऊन आठ दिवसांत त्याच चिखलाची दगडासारखी ढेकळे करून टाकते. कवच आक्रसते, तळव्याला केसाएवढ्या चिरा जातात. त्यांतून बारीक खडा शिरतो, घाण शिरते, आणि चीर वरून मिटून जाते. कधी नाल ठोकताना खिळा जिवंत मांसाच्या फार जवळून जातो. कारण काहीही असो; आत काय शिजते आहे ते बाहेर दिसत नाही, आणि एका सकाळी कालपर्यंत धडधाकट असलेले जनावर तीन पायांवर उभे असते.

मी लातूरला शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण झाले नाही. जे काही शरीरशास्त्र मला येते ते मामांच्या गोठ्यात आले. मामांचे गाव लोह्याकडे. लातुराहून नांदेडच्या गाडीत बसले की चाकूर, अहमदपूर मागे टाकून माळेगाव लागते, आणि पुढे लोहा. माळेगाव म्हणजे खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव. मार्गशीर्ष सरताना तिथल्या माळावर घोड्यांचा जो बाजार भरतो, त्याच्यावर आमच्या भागातले घोडेवाले वर्षाचा हिशेब मांडून असतात. मामांच्या वडिलांचा टांगा होता. टांगे गेले, रिक्षा आल्या. मामांनी एक पांढरी घोडी ठेवली, वरातीसाठी. तिचे नाव चंद्री.

आता घोडा कोण ठेवतो? वरातीवाले ठेवतात, हौशी ठेवतात. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचे घोडे आहेत. ते गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जातात, आणि दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत साजशृंगार करून निघतात तेव्हा त्यांना पाहायला रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नाही. एवढेच काय ते उरले. वर्गात १७६० सालची उदगीरची लढाई शिकवताना मी सदाशिवरावभाऊ सांगतो, निजाम सांगतो. पण त्या हजारो खुरांखाली रोज सकाळी कोण वाकून पाहत होते, ते पुस्तकात नाही. मराठी दप्तरांत मात्र 'नालबंदी' हा शब्द जागोजाग भेटतो. स्वाराला घोडा सज्ज करण्यासाठी आगाऊ द्यायची ती रक्कम. म्हणजे राज्याचा पैसा आधी खुरापाशी जायचा, मग तलवारीपाशी. घोड्याच्या वैद्याला दक्षिणेत आणि उत्तरेत सलोत्री म्हणत, तेही जुन्या शालिहोत्राचे नाव झिजून झालेले. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडा कसा पारखावा हे लिहिताना सुरुवात पायांपासूनच केली. घराचा पाया कच्चा तर वरच्या माडीचा काय उपयोग, असा त्याचा हिशेब. माळेगावच्या बाजारातला अडाणी गिऱ्हाईकही आधी वाकतो आणि पाय उचलून बघतो. त्याने झेनोफन वाचलेला नसतो.

२०२४ साली सप्टेंबर उजाडताच नांदेडकडे अतिवृष्टी झाली आणि पुढेही पाऊस लांबला. दिवाळीच्या सुटीत मी मामांकडे गेलो तेव्हा गावकुसाबाहेर अजून चिखल होता आणि माळावर धूळ होती. भाऊबीजेच्या सकाळी चंद्रीने पुढचा उजवा पाय टेकला नाही. खुराचे टोक तेवढे जमिनीला लागलेले, मान खाली, अंगाला घाम. दावणीपाशी गर्दी जमायला वेळ लागला नाही. 'पाय मोडला' हा पहिला निकाल. 'बाहेरचं आहे' हा दुसरा. तिसऱ्याने घोडीची किंमत काढली, आणि ती ऐकून मामी घरात निघून गेल्या.

नालबंद चाचा दुपारी आले. तालुक्यात हे काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके. चाचांनी आधी हात लावला तो दुखऱ्या पायाला नव्हे, दुसऱ्या पायाला. मग दुखऱ्या खुरावर तळहात ठेवला. मलाही ठेवायला लावला. एक खूर थंड, एक चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या बाजूला दोन बोटे दाबली तर शीर हातोडीसारखी उडत होती. चाचांनी एकेक खिळा काढून नाल उतरवला, प्रत्येक खिळा नाकापाशी नेला. मग तळव्याच्या कडेने लहान हातोडीने टिचक्या मारत गेले. टक, टक, टक. एका जागी घोडीने पाय हिसकला.

"भाऊ, पाय मोडला नाही. आत माल साचलाय."

"मग काढा की कोरून."

चाचांनी वाकडी सुरी हातात घेतली, त्या जागेवरची काळी पापडी थोडी खरवडली, आणि सुरी परत गुंडाळून ठेवली. "आत्ता कोरलं तर रगत निघंल, पू नाही निघायचा. पिकू द्या."

आंबा पिकतो, केस पिकतात, गळूही पिकते. आपल्या भाषेने या तिन्हींसाठी एकच क्रियापद ठेवले आहे, आणि तिन्हींच्या बाबतीत घाई करणारा फसतो. पण हे सुचायला घोडी दुसऱ्याची असावी लागते. मामांनी तुळशीच्या लग्नानंतरच्या तीन वरातींचा इसार घेतला होता. पहिली वरात दोन आठवड्यांवर होती.

पशुवैद्यक डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी चिमट्यासारख्या पकडीने खूर दाबून पाहिला आणि निदान चाचांचेच ठरवले. धनुर्वाताची लस टोचली. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, आणि खुरातली बंद जखम म्हणजे त्या रोगाचे माहेरघर. मोठ्या प्रतिजैविकांना त्यांनी नकार दिला. पू कोंडलेला असतो तोवर औषध तिथे धड पोचत नाही, उलट पिकणे तेवढे लांबते, असे त्यांचे म्हणणे. सांगितले ते साधे होते. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात विलायती मीठ विरघळवून पाय पाव तास बुडवून ठेवायचा, मग पोटीस बांधायचे. पोटीस मामींनी केले, जवसाचे पीठ आणि कोंडा शिजवून. त्यावर कापूस, त्यावर पट्टी, आणि सगळ्याच्या वर डॉक्टरांच्या सांगण्यावरून लहान मुलाचे डायपर व ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. घोडीच्या पायात डायपर पाहून गावातली पोरे आठ दिवस हसत होती.

पाचव्या दिवशी वराती ठरवणारा दलाल आला. तोंडाने गोड माणूस. त्याने पाय पाहिला, हळहळला आणि म्हणाला, "मामा, एक सुई मारा. दोन तास नाचंल की. लगीन लागलं की मग बसू द्या महिनाभर."

ही सुई काही दंतकथा नाही. लंगड्या घोड्याला ती टोचून वरातीत उभा करणारे आहेत, आणि घोडा त्या रात्री खरोखरच नाचतो. डॉक्टरांनीही दुखणे कमी करण्याचे औषध थोडे दिले होते, घोडीला रात्री आडवे होता यावे इतपत. औषध तेच, एकाने ते गोठ्यात न्यायचे, दुसऱ्याने वरातीत. बधिर झालेल्या पायावर घोडी पुरा भार टाकणार, डांबरावर आपटणार, आणि वाट न सापडलेला पू आत हाडाकडे सरकणार. हाड सडू लागले की मग ना पोटीस, ना चाचा. मी हे सांगायला तोंड उघडले, पण मामांनी हाताने थांबवले.

"नाचंल," मामा म्हणाले. "पर कशावर नाचंल?"

दलालाला उत्तर देता आले नाही. तो इसाराचे बोलू लागला. मामा घरात गेले आणि तिन्ही इसार मोजून घेऊन आले. पंधरा हजार. ते कुठून आणले हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मामींच्या गळ्यात नेहमीची पोत नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखे नाही, कारण काहीच घडत नव्हते. पाणी तापवायचे, पाय बुडवायचा, बांधायचा. सातव्या दिवशी चाचांनी थोडे कोरून पाहिले, कोरडे. डॉक्टर फोनवर म्हणाले, वाट पाहा. आठव्या दिवशी चंद्रीने वैरण सोडली, आणि त्या रात्री मामांनी गोठ्यातच कांबळे टाकले. दिवा मालवल्यावर ते तिच्याशी बोलत असत. काय ते ऐकू येत नसे, आणि मीही कान दिला नाही. मी कादंबरीची वही बरोबर नेली होती. एक ओळ झाली नाही.

दहाव्या दिवशी खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपून कवच सुरू होते तिथे, करंगळीच्या पेराएवढी जागा मऊ लागली. पुवाला खाली वाट मिळाली नाही की तो कवचाच्या आतून वर चढतो आणि तिथे तोंड काढतो. चाचांना दाखवले तर त्यांनी मान डोलावली आणि सुरी काढलीसुद्धा नाही. बाराव्या रात्री मामांची हाक आली. गोठ्यात सडक्या अंड्यासारखा वास कोंदला होता. कंदिलाच्या उजेडात खुरावरून राखाडी काळा ओघळ उतरलेला. दोन चमचे असेल नसेल. एवढ्याशा मालाने तेवढ्या जनावराला बारा दिवस तीन पायांवर उभे केले होते. आम्ही जखम धुतली, आयोडीन सोडले. आणि उजाडायच्या आत, मी समोर बसलेला असताना, चंद्रीने तो पाय उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि मग पुरता टेकला. तिने एक लांब श्वास सोडला. मामा तोंड धुवायला विहिरीवर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

वराती तिच्यावाचून झाल्या. जखम भरेपर्यंत नाल नाही, डांबर नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते. गहाण पोत सोडवायची तर माळेगावच्या बाजारात घोडी विकावी, असे मामांच्या मनात आले, आणि डिसेंबरअखेरीस ते तिला घेऊन तिथे उभे राहिले. मीही होतो. गिऱ्हाईक आले, वाकले, पाय उचलला. कवचाच्या वरच्या अंगाला आडवी फट दिसत होती. पू फुटला ती जागा, नव्या वाढीबरोबर बोटभर खाली उतरलेली. दुसऱ्या एखाद्याने तिच्यात मेण भरून वर काळे फासले असते. बाजारात हे चालते. मामांनी गळवाची सगळी हकीगत सांगितली. गिऱ्हाइकाने भाव तिसऱ्या हिश्शाने पाडला. संध्याकाळपर्यंत अशी चार गिऱ्हाइके झाली, आणि घोडी आमच्याबरोबर घरी आली.

खूर महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, कधी त्याहूनही कमी. ती फट बुजत नाही; वाढीबरोबर खाली खाली सरकत जाते. संक्रांतीनंतर मामांनी लग्नाची कामे पुन्हा धरली. मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा आधी ती फट पाहिली. गुढीपाडव्याला ती वरच्या अर्ध्यातच होती, जूनमध्ये शाळा सुरू होताना अर्ध्याच्या खाली. पोत अक्षय्य तृतीयेनंतर सुटली. भाद्रपदात, पुन्हा पावसाने सगळा मुलूख बुडवलेला असताना, चाचा नाल बदलायला आले. फट पार टोकाशी आली होती. त्यांनी पाय मांडीवर घेतला, पकडीने ती कड कातरली, कानस फिरवली, आणि पडलेला तुकडा उचलून मला दाखवला. मी तो हातात घेणार तोच मामांच्या कुत्र्याने झडप घातली आणि तुकडा घेऊन ते उकिरड्यामागे पळाले.