बाजारात मोठी झालेली पोरं

शाळेवरच्या कथा-कादंबऱ्या हा माझा शिकवण्याचा आणि लिहिण्याचा विषय. त्यातला मुलगा नेमका कधी ‘गडी’ होतो, हे शोधायची मला जुनी खोड आहे. इंग्रजांकडे याचं उत्तर ठरलेलं होतं. टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ १८५७ साली आली. पोरगं फुटबॉलच्या मैदानात उतरलं, फ्लॅशमनसारख्या दांडगटापुढं उभं राहिलं, मार खाऊनही रडलं नाही, की त्याचा पुरुष झाला. तिथल्या शाळाकथा पुढं कित्येक दशकं याच वाटेनं चालल्या.

गडी घडवायची शाळा आमच्या धाराशिव जिल्ह्यातही होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ची. स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्याआधी व्यंकटेश खेडगीकर या नावानं तिथं शिकवत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ही शाळा भेटते, आठवणींत भेटते. कथा-कादंबरीत मात्र मला ती दिसली नाही.

मराठीनं इंग्रजांचा साचा घेतलाच नाही. आमच्याकडचा सर्वांत लाडका मुलगा रडका निघाला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातला श्याम पोहायला जायला नको म्हणून लपून बसतो आणि त्याला शिंपटीनं झोडपून बाहेर काढते ती आई. का, तर आपल्या लेकाला कुणी भित्रा म्हणू नये. म्हणजे मर्दानगीचा पहिला धडा बाईच्या हातचा, आणि धडा देऊन झाल्यावर रडणारीही तीच. या पुस्तकाला रडूबाई म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. मुलानं मोकळेपणी रडावं आणि त्याची कुणाला लाज वाटू नये, एवढी सूट पुढच्या मराठी लेखकांनी आपल्या मुलांना क्वचितच दिली.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, अंगानं काडी, पण डोकं आणि पाय चपळ. त्याला छाती दाखवावी लागत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर आणखी हळवा. ‘वनवास’ (१९९४) वाचताना जाणवतं, की या मुलाला अजून पुरुष व्हायचंच नाही आणि लेखकालाही त्याची घाई नाही.

घाई आहे ती मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४). आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग. मुकुंद जोशी दोस्तांच्या टोळक्यात बसला की ‘लाईन’च्या गप्पा मारतो, शिरोडकर समोर आली की त्याच मुलाची जीभ टाळ्याला चिकटते. लोक या कादंबरीला प्रेमकथा म्हणतात. मी तिला टोळक्याची कथा म्हणतो. मुलांना मुलींची भीती वाटते त्याहून जास्त एकमेकांची वाटते. कोण हसेल, कोण बायल्या म्हणेल, याचा हिशेब जोशीच्या डोक्यात सतत चालू असतो, आणि त्या हिशेबात त्याचं खरं बोलणं मनातल्या मनात राहून जातं. बोकिलांनी हे ज्या बारकाईनं टिपलंय, तसं मराठीत दुसऱ्या कुणी टिपलेलं नाही.

पण या बहुतेक मुलांच्या घरी महिन्याचा पगार येतो. आमच्याकडं काय होतं, ते कळंब तालुक्यातल्या हासेगावात १९४५ साली जन्मलेल्या भास्कर चंदनशिवांनी लिहिलं. त्यांची ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकात होती, त्यामुळं अनेकांना आठवत असेल. शाळकरी पोरगा बापाबरोबर बाजारात टोमॅटो विकायला बसतो. भाव पडलेला. गिऱ्हाईक येतं, घासाघीस करतं, निघून जातं. शेवटी बाप उठतो आणि स्वतःच पिकवलेला माल स्वतःच्या पायांनी तुडवतो. हे बघणारा मुलगा आहे, आणि सांगणाराही तोच.

शेतमालाच्या भावाची कथा म्हणून ती शिकवली गेली. ते बरोबरच आहे. मला ती शाळाकथा वाटते. त्या पोराचा वर्ग बाजारात भरलाय. टॉम ब्राउनला हरवायला फ्लॅशमन तरी समोर होता. इथं बापाला हरवणारा माणूस दिसतच नाही. मग राग काढायचा कुणावर?

एकदा ही कथा वर्गात वाचून झाली. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, “सर, दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेत कुणाला सांगितलं असंल का?” वर्गातली निम्मी पोरं खाली बघत होती. माझ्या मते नसणारच सांगितलं. आमच्या भागात पोरगं मुसमुसलं की “पोरीवानी काय रडालास?” हे आधी ऐकायला मिळतं, काय झालं, ते नंतर, विचारलंच तर. आणि ज्या घरातला बाप कर्जापायी गेला, तिथं दहावीतला पोरगा तेराव्याच्या आतच कर्ता होतो. पाहुणे येऊन पाठीवर हात ठेवतात, “आता तूच बघायचं” म्हणतात. त्यानंतर त्याला रडता येत नाही.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) बापच शाळेच्या आड येतो, ती वाट वेगळी आणि कागलची. आमच्या परांड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’त (२०१३) मात्र बाजाराची जागा शाळेजवळच्या मोकळ्या रानाला दिली. घरच्यांसोबत डुक्कर धरणाऱ्या जब्याला वर्गातली मुलं बघतात आणि मधेच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. डुक्कर समोरून चाललंय आणि सगळं कुटुंब ताठ उभं. वर्गातल्या शालूपुढं रुबाब करू पाहणाऱ्या पोराची इतकी जाहीर फजिती मराठी पडद्यावर दुसरी नसेल. सिनेमाच्या शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड अनेकांना मर्दानगी वाटला. मला तो लाजेचा दगड वाटतो, आणि म्हणूनच तो खरा लागतो.

एक मुलगा अजून लिहायचा राहिलाय. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यांतून टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. ज्यांची लेकरं गावात राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं असतात. पण आठवी-नववीतला पोरगा जरा उंच झाला, की मुकादमाच्या नजरेत तो अर्धा कोयता ठरू लागतो. शाळेच्या हजेरीपटावर नाव असतं, पोरगा फडात असतो. हे पोरगं बापाच्या बरोबरीनं मोळी उचलतं तेव्हा त्याला अभिमान वाटतो की शाळा सुटल्याची हळहळ? बहुधा दोन्ही, एकाच वेळी. बातम्यांत तो आकडा होऊन येतो, कथेत शाळकरी मुलगा म्हणून फारसा येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांमधले कितीतरी मास्तर लिहितात, चांगलं लिहितात. त्यांना माझं सांगणं आहे: हजेरीपटावर ज्याच्या नावापुढं कार्तिकापासून चैत्रापर्यंत लाल फुल्या पडतात, त्या पोराला परत आल्यावर जवळ बसवा, त्याचं ऐका आणि लिहा. पुढच्या दिवाळी अंकांत ती कथा वाचायला मी थांबलोय.