हळद, कोरफड आणि राखून ठेवलेलं औषध

हेमलकसा म्हटलं की १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प आठवतो, तिथला दवाखाना आठवतो. मला हल्ली त्यासोबत गोठेही आठवतात. जनावराला उठसूट अँटिबायोटिक टोचलं की जंतू निर्ढावतात, आणि मग तेच औषध माणसालाही लागू पडत नाही. कोलिस्टिन हा तर माणसासाठी शेवटचा आसरा. म्हणूनच २०१९ मध्ये भारतात कोंबड्या-जनावरांना ते द्यायला बंदी आली.

मग गाईची कास सुजली तर? राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ लेप सुचवतं: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० आणि चुना १५. झाडपाला म्हणजे जादू नव्हे. गाईला ताप चढला तर डॉक्टर हवाच. पण साध्या सुजेत लेपाने भागलं, तर एक इंजेक्शन वाचतं. हेमलकशाच्या दवाखान्यात न्यूमोनियाने धापणाऱ्या पोराला उद्या औषध लागू पडायला हवं ना?