कोळ्याच्या ताटात काय वाढायचं?

कोळी दिसला की आपला हात आधी झाडूकडे जातो. परदेशात मात्र हाच प्राणी कित्येक घरांत काचेच्या पेटीत हौसेने पाळला जातो. तळहाताएवढा, केसाळ, संथ चालीचा टॅरँटुला! गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेली मेक्सिकोतली जात तर पाळणाऱ्यांची फार लाडकी. तिची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. म्हणजे शाळेत असताना आणलेला कोळी मुलाच्या लग्नापर्यंत घरात राहायचा!

अमेरिकेतल्या अशाच एका मराठी घरी काशीहून आजी आल्या. नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या भोसले घाटाजवळ, जुन्या दगडी घरात त्यांचा संसार झालेला. पाली, कोळी, पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे किडे, सगळ्यांची सवय. नातवाची ती पेटी पाहून त्या दचकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा जेवतो काय रे?"

"रातकिडे, खास वाढवलेली झुरळं आणि अळ्या. सगळं दुकानातून आणतो."

"अरे, असल्या अळ्या आम्ही पीठ चाळून फेकतो, आणि तू त्यांचे डॉलर मोजतोस?"

दुसऱ्या दिवशी आजींनी अंगणातला एक नाकतोडा वाटीखाली पकडून ठेवला. नातवाने तो हळूच बाहेर सोडून दिला. बागेतल्या किड्याने कुठलं फवारलेलं पान खाल्लंय, कोणाला ठाऊक? कोळी भक्ष्यावर पाचकरस सोडतो, ते विरघळवतो आणि शोषून घेतो. किड्याच्या अंगातलं विषही मग त्याच्या पोटात जाणार. आजींच्या पिशवीतल्या झुरळांच्या खडूलाही म्हणूनच घरात बंदी झाली. जे औषध झुरळाला मारतं, ते कोळ्यालाही सोडत नाही.

भक्ष्य शक्यतो कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नसावं. रोज तेच तेही नको. कधी रातकिडा, कधी झुरळ, कधी अळी असा पालट असावा. वाढ झालेल्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा खाणं पुरतं. पाण्याची उथळ वाटी मात्र कायम हवी.

खरा धोका कात टाकताना असतो. तेव्हा कोळी उताणा पडतो. नवशिक्याला वाटतं, मेला! नवी कातडी मऊ असते आणि पेटीत राहिलेला रातकिडा तिला चावू शकतो. शिकारच शिकाऱ्याला खाते! म्हणून न खाल्लेला किडा लगेच काढून घ्यायचा आणि कात टाकल्यावर सुळे कडक होईपर्यंत काही दिवस खाणं द्यायचं नाही.

आजींना हे सगळं पटलं, पण जिवंत किडा पेटीत टाकणं त्यांच्याने होईना. "ते पाप तुझ्या हातून होऊ दे," असं म्हणून त्यांनी वेगळंच काम पत्करलं. रातकिड्यांच्या डब्यात त्या रोज गाजराच्या फोडी घालू लागल्या. किडे चांगलं खाणारे असले तर कोळ्यालाही चांगलं मिळतं. त्यांच्या काशीच्या घरातली पाल दिव्याखालून आपल्याला हवा तो किडा निवडायची, नको तो सोडायची. पेटीतल्या जिवाला ती सोय नाही. आपण टाकू तेच त्याचं ताट. मग निवडण्याची जबाबदारीही आपलीच.

आपल्याकडे मात्र ही हौस करण्याआधी कायदा पाहावा लागतो. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेल्या एका पार्सलमधून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १०७ जिवंत कोळी जप्त केले. भारत आणि श्रीलंकेतले झाडांवर राहणारे नक्षीदार टॅरँटुला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आले. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले जिवंत प्राणी जवळ असल्यास त्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आपल्या सह्याद्रीतही टॅरँटुला आहेत. काही बिळांत राहतात, काही झाडांच्या ढोलीत. पावसाळ्याच्या सहलीत एखादा दिसलाच, तर मुलांना तो लांबूनच दाखवावा. त्याला डबीत भरून घरी आणू नये. रानात त्याचं जेवण तो स्वतःच निवडतो.