कव्हरवर कोणाचा चेहरा?

माझी नात आणि तिचे दोन मित्र मिळून आठ मराठी गाण्यांचा अल्बम काढताहेत. पाठीशी कंपनी वगैरे कोणी नाही. ध्वनिमुद्रण घरातल्याच एका खोलीत, खर्च आपापल्या खिशातून. याला 'इंडी' म्हणतात म्हणे. कव्हरवर नाव आजीच्या अक्षरात हवं, म्हणून या खलबतांत मलाही सामील करून घेतलंय. फळ्यावर लिहिण्यात आयुष्य गेलं, त्याचा असाही उपयोग!

कव्हर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रेकॉर्डचं फूटभर लांबीरुंदीचं पाकीट येतं. आता ते ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र असतं, आणि ऐकणारा ते मोबाईलवर बघतो तेव्हा टपालाच्या तिकिटाएवढं. बोरूने लिहिलेलं नाव तेवढं लहान करून पाहिलं, तर मात्रा आणि वेलांट्या शिरोरेघेत विरघळूनच गेल्या. मग जाड टाक, मोकळी अक्षरं आणि दोनच शब्द. शेवटच्या बाकावरून वाचता आलं पाहिजे, हा वर्गातलाच नियम.

खरा प्रश्न होता चित्राचा. नातीने एक जुना नमुना दाखवला. मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या बँडचा १९७९ सालचा 'अननोन प्लेझर्स'. 'फॅक्टरी रेकॉर्ड्स' या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढलेला. काळ्या कव्हरवर पांढऱ्या नागमोडी रेघा, एकीखाली एक. दर्शनी बाजूला बँडचं नाव नाही की अल्बमचं नाही. मला वाटलं, डोंगररांगा असाव्यात. तर ती निघाली एका ताऱ्याची नाडी! जोसलिन बेल यांना १९६७ साली सापडलेला हा पहिला पल्सार. दर १.३३ सेकंदांनी त्याचा एक ठोका येतो. हॅरोल्ड क्राफ्ट यांनी १९७० सालच्या आपल्या पीएचडीच्या प्रबंधासाठी ते ठोके एकाखाली एक रेखून घेतले. ती आकृती पुढे एका खगोलशास्त्रीय कोशात छापली गेली, तिथून बँडवाल्यांच्या हाती लागली, आणि पीटर सॅव्हिल या डिझायनरने पांढऱ्यावर काळं होतं त्याचं काळ्यावर पांढरं केलं.

"बघ आजी, कुठली वस्तू कुठे शोभून दिसते!" नात म्हणाली.

शोभते खरीच. पण क्राफ्ट यांना हे सगळं नंतर एका सहकाऱ्याकडून कळलं. मग त्यांनी दुकानात जाऊन तो अल्बम चक्क विकत घेतला. माझं मन तिथेच घुटमळत राहिलं. कारण नातीला आपल्या कव्हरवर हवा होता वन्संचा फोटो. १९६० च्या आसपासचा, दोन वेण्या, पुढ्यात पेटी. फोटो देखणा आहे. लग्नानंतर गाणं सुटलं आणि पेटी माहेरीच राहिली, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. "द्या की बिनधास्त, त्या कशाला नाही म्हणतील?" हेच प्रत्येकाचं मत.

मी म्हटलं, ताऱ्याला विचारता येत नाही, वन्संना येतं. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, सांगलीला असतात, आणि फोन स्वतः उचलतात.

नातीने फोन लावला. वन्संनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चेहरा नको गं. लोक विचारतील, ह्या गातात का? मग तू काय सांगशील?" थोडं थांबून म्हणाल्या, "पेटीचा काढा फोटो. ती अजून वाजते ना?"

वाजते. अल्बममधल्या दोन गाण्यांत तीच आहे.

नात दोन दिवस खट्टू होती. चेहरा असला की बघणाऱ्याची नजर थांबते, हे तिचं म्हणणं खोटं नाही. पण तिसऱ्या दिवशी तिनेच माळ्याखालची पेटी खिडकीशी ओढली आणि पट्ट्यांचा अगदी जवळून फोटो घेतला. काळी चार ही वन्संची पट्टी. तिच्यावरचा रंग बोटांनी उडालाय, खालचं लाकूड दिसतं. चित्र तिकिटाएवढं केलं तरी तो उडालेला ठिपका लपत नाही. त्याच्या वर माझे दोन शब्द बसतील एवढी जागाही मिळाली.

श्रेयनामावलीत 'पेटी' या शब्दापुढे वन्संचं नाव घालायचं ठरलंय. तेही विचारूनच. माहेरचं नाव घाला, म्हणाल्या.